निरभ्र दुपारची खराब हवा: पुण्यातल्या एका सोसायटीचा एप्रिल

पुण्याच्या पश्चिमेकडची अठ्ठेचाळीस फ्लॅटची एक सोसायटी. तीन इमारती, मधे शिरीष आणि पिंपळ, कुंपणालगत करंज आणि बदाम. महिना एप्रिल. सकाळी साडेसातला माळीकाका पाला झाडून कोपऱ्यात पेटवतात. पावसाळ्याआधी उरकायचं म्हणून गेट, जिन्याचे कठडे आणि ग्रिल रंगवायला काढलेत. गुरुवारी देखभालीसाठी वीज जाते, तेव्हा जनरेटर घरघरतो. नऊच्या सुमाराला निम्मी सोसायटी गाड्या काढून बाहेर पडते आणि वाटेत पेट्रोल भरते. दुपारी तीनला आकाश निळंशार असतं, धूर कुठेही नसतो. आणि नेमकं तेव्हाच तिसऱ्या मजल्यावरच्या दमेकरी आजींची छाती भरून येते.

ही सोसायटी नमुन्यादाखल घेतली आहे. खाली जे लिटर, किलो आणि किलोमीटर येतात ते अशा वस्तीसाठी धरलेले आहेत. त्यांना ज्या गुणांकांनी गुणलं आहे ते मात्र प्रमाणित आहेत: पाला आणि पेट्रोलच्या वाफेसाठी अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचे, वाहनं आणि जनरेटरसाठी आपल्याकडच्या कायद्यातल्या मर्यादा. आपल्या सोसायटीचे आकडे घालून हाच हिशेब तासाभरात मांडता येतो.

आजींच्या तक्रारीवर घरच्यांचा पहिला अंदाज होता धूळ, दुसरा ऊन. दोन्ही काही अंशी खरे आहेत. पण दुपारी एक ते चारच्या दरम्यान रोज होणारा, संध्याकाळी आपोआप उतरणारा आणि ढगाळ दिवशी जाणवेनासा होणारा त्रास दिसला की जमिनीलगतच्या ओझोनचा विचार करायलाच हवा. ओझोन कुठल्याही धुराड्यातून बाहेर पडत नाही. इंधन जळताना निघणारी नायट्रोजनची ऑक्साइड्स आणि पेट्रोल, रंग, थिनर, धूर यांतून उडणारी सेंद्रिय वाफ (पुढे तिला नुसती ‘वाफ’ म्हणू) कडक उन्हात एकत्र आली की तो हवेतच तयार होतो. सकाळी चुलीवर ठेवलेलं दुपारी शिजून तयार व्हावं, तसा हा प्रकार आहे. म्हणून पुण्यात तो मार्च ते मे या काळात चढतो आणि जूनमध्ये ढग आले की उतरतो. भारतीय मानकानुसार आठ तासांची सरासरी घनमीटरला १०० मायक्रोग्रॅम आणि एका तासाची १८० मायक्रोग्रॅम ही त्याची मर्यादा आहे. पाषाणच्या आयआयटीएम या हवामान-संशोधन संस्थेची ‘सफर’ ही सेवा पुण्यातला ओझोन दाखवते. तिथे नुसता एकूण निर्देशांक न पाहता ‘प्रमुख प्रदूषक’ कोण ते पाहावं. उन्हाळ्यात तिथे धूलिकणांऐवजी ओझोन दिसला, तर पुढचं सगळं आपल्याला लागू आहे.

घरगुती सवयींना इथे महत्त्व का, हे २०२० च्या टाळेबंदीने दाखवून दिलं. रस्ते ओस पडले, नायट्रोजन डायऑक्साइड धाडकन खाली आला. ओझोन मात्र बऱ्याच भारतीय शहरांत त्या प्रमाणात उतरला नाही आणि काही ठिकाणी वाढलासुद्धा. गजबजलेल्या शहरात नायट्रोजनची ऑक्साइड्स मुबलक असतात. तिथे ओझोन किती बनेल हे बऱ्याचदा वाफेवर ठरतं. शिवाय गाड्यांतून ताजा निघालेला नायट्रिक ऑक्साइड ओझोनला खातो, तो खाणाराही टाळेबंदीत कमी झाला होता. वाफेचा मोठा वाटा घराघरांतून, दुकानांतून, रंगकामातून येतो. तो थांबवायला सरकारी प्रकल्पाची वाट पाहावी लागत नाही.

महिन्याचा हिशेब

आधी पाला. रोज साधारण १० किलो, महिन्यात वीस वेळा पेटवला तर २०० किलो. कोरडा पाला जळताना किलोमागे सुमारे १९ ग्रॅम धूलिकण, ५६ ग्रॅम कार्बन मोनॉक्साइड आणि मिथेन सोडून १४ ग्रॅम वाफ निघते. म्हणजे महिन्याला ३.८ किलो कण आणि २.८ किलो वाफ. एका सकाळच्या ढिगाची वाफच १४० ग्रॅम होते. बीएस-सहा (‘भारत स्टेज’ या उत्सर्जन नियमांचा सहावा टप्पा) पेट्रोल कारला किलोमीटरमागे ०.१ ग्रॅम हायड्रोकार्बनची, म्हणजे न जळलेल्या इंधनाच्या वाफेची, मुभा आहे. ही १४० ग्रॅम वाफ म्हणजे त्या कारचा चौदाशे किलोमीटरचा कोटा. पुण्याहून नागपूरला जाऊन परत येईपर्यंत जेवढं निघेल, तेवढं अर्ध्या तासात, खिडक्यांच्या खाली.

मग रंग. गेट, कठडे आणि ग्रिल मिळून २० लिटर ऑइल पेंट. नेहमीच्या एनॅमलमध्ये लिटरला ढोबळमानाने ४०० ग्रॅम विद्रावक असतो, म्हणजे ८ किलो. पातळ करायला आणि ब्रश धुवायला ५ लिटर टर्पेंटाइन, तेही शेवटी सगळं उडतंच, म्हणजे आणखी ३.९ किलो. एकूण बारा किलोच्या आसपास.

पेट्रोल भरताना टाकीतली वाफ बाहेर ढकलली जाते. लिटरमागे सुमारे १.३ ग्रॅम वाफ आणि ०.०८ ग्रॅम सांडलवंड. अठ्ठेचाळीस घरं महिन्याला सरासरी ४० लिटर भरतात असं धरलं, तर २.७ किलो. डिओडरंटचा १५० मिलिचा गॅसवाला डबा घरटी महिन्याला एक धरला, तर त्यातलं बहुतेक सगळं उडणारं, म्हणून साडेचार किलो. हा आकडा पाहून लोक दचकतात. पण नुसतं वजन पुरेसं नाही. डिओमधले ब्युटेन, प्रोपेन आणि अल्कोहोल ओझोन बनवण्यात मंद आहेत. पॉलिशवाल्याच्या एनसी थिनरमधलं टोल्युइन, काही रंगांतलं झायलिन आणि पेट्रोलची वाफ त्यांच्या मानाने कितीतरी चपळ. तेव्हा डिओवर संताप काढण्यात अर्थ नाही. पंख्याखाली अर्धा मिनिट फवारणं तेवढं बंद करा.

आता वाहनं. सोसायटीत बीएस-तीनच्या, म्हणजे एप्रिल २०१७ च्या आधीच्या, पंधरा स्कूटर-बाइक आहेत आणि बीएस-चारच्या तीस पेट्रोल कार. प्रत्येकाचं रोजचं धावणं १५ किलोमीटर, महिन्याला पंचवीस दिवस. बीएस-तीन दुचाकीला हायड्रोकार्बन आणि नायट्रोजन ऑक्साइड्स मिळून किलोमीटरला १ ग्रॅमची मर्यादा होती. बीएस-चार पेट्रोल कारला तीच बेरीज ०.१८ ग्रॅम. पंधरा दुचाक्यांचे होतात ५.६ किलो, तीस कारचे दोन. मर्यादा म्हणजे प्रत्यक्ष उत्सर्जन नव्हे, जुन्या गाडीचं प्रत्यक्षात जास्तच निघतं. दुचाकी छोटी म्हणून कमी प्रदूषण करते हा समज ओझोनच्या बाबतीत जुन्या दुचाकीला लागू नाही.

जनरेटर २०१० चा आहे, त्याला युनिटमागे ९.२ ग्रॅम नायट्रोजन ऑक्साइड्सची मुभा. चार गुरुवार, प्रत्येकी तीन तास, १५ किलोवॉट भार. १.६ किलोच्या वर.

तर मंद डिओ बाजूला ठेवला की क्रम असा लागतो: रंग, जुन्या दुचाक्या, पाला, पेट्रोल, कार, जनरेटर. धूलिकणांचा विचार केला तर पाला एकटाच सगळ्यांच्या पुढे. सोसायटीच्या सूचनाफलकावर मात्र ‘दिवे बंद करा, एसी २४ वर ठेवा’ एवढंच लिहिलेलं असतं. एसी २४ किंवा २६ वर ठेवावाच, दर अंशाला साधारण सहा टक्के वीज वाचते असं ऊर्जा दक्षता ब्युरो सांगतो. पण ती वीज प्रामुख्याने कोळशाची. तिची बचत चंद्रपूर, कोराडी, भुसावळच्या हवेला आधी पावते, आजींच्या खिडकीला नाही.

पाला

माळीकाकांना ‘जाळू नका’ म्हटलं की ते विचारतात, “मग टाकू कुठं हा, ते सांगा की.” प्रश्न रास्त आहे. कमिटीला सकाळी आठच्या आत अंगण लख्ख हवं असतं. रोजच्या कचऱ्यासोबत एवढा पाला घ्यायला कोणी तयार नसतं. मग काडीपेटी हाच सगळ्यात स्वस्त मार्ग उरतो. उघड्यावर कचरा जाळण्यावर राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्ये देशभर बंदी घातली, साध्या जाळण्याला ५,००० आणि मोठ्या प्रमाणावरच्या जाळण्याला २५,००० रुपये भरपाई ठरवली. नियम आहे, जागा नाही. आधी जागा द्यायला हवी.

सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे आच्छादन. झाडाच्या आळ्यात तीन ते चार इंच पाला पसरायचा, खोडापासून वीतभर मोकळं ठेवायचं. खोडाला टेकवला तर साल ओली राहून कुजते आणि वाळवीला वाट मिळते. मे महिन्यात या आच्छादनाने झाडांचं पाणीही वाचतं. निम्मा पाला इथेच संपतो.

उरलेल्यासाठी जाळीचा पिंप. कोंबडीच्या खुराड्याची जाळी एक मीटर उंचीची, सव्वातीन मीटर लांब घेतली की जोडासकट एक मीटर व्यासाचं गोल कडं होतं. ते फरशीवर नको, मातीवर आणि सावलीत उभं करायचं. तळाला काटक्यांचा वीतभर थर, म्हणजे खालून हवा जाते. त्यावर पाल्याचा वीतभर थर, त्यावर शेणकाला किंवा जुनं खत कालवलेलं पाणी, पुन्हा पाला. घरातला ओला कचरा घालायचा तर तीन बादल्या पाल्याला एक बादली. शिजलेलं अन्न नको, उंदीर येतात. कोरड्या पाल्यात कार्बन भरपूर आणि नत्र फारच कमी, म्हणून शेण किंवा ओला कचरा लागतोच. त्याशिवाय पाला वर्षभर पाला म्हणूनच पडून राहतो.

बहुतेक पिंप पाण्यामुळे फसतात, आणि तेही पाणी कमी पडल्यामुळे. दहा किलो कोरड्या पाल्याला कुजायला हवी तेवढी ओल यायची तर दहा ते पंधरा लिटर पाणी लागतं. लोक वरून दोन मग शिंपडतात. वरचा थर ओला दिसतो आणि आत सगळं खडखडीत. शिवाय बदाम, पिंपळ, वड यांची पानं चामड्यासारखी, वरून ओतलेलं पाणी निथळून जातं. तो पाला आदल्या रात्री जुन्या ड्रममध्ये भिजत घालायचा, सकाळी उपसून पिंपात टाकायचा. ड्रममधलं पाणी दुसऱ्या दिवशी पुन्हा चालतं. पाणीकपात असेल तर आरओचं वाया जाणारं पाणी, भाजी धुतलेलं पाणी, एसीचं गळकं पाणी यावर भागतं. शिरीष आणि गुलमोहराची बारीक पानं मात्र न भिजवताही लवकर कुजतात.

ओल तपासायला मधल्या थरातला मूठभर पाला घेऊन घट्ट पिळायचा. बोटांच्या फटीतून दोन-चार थेंब निघाले की ठीक. धार लागली तर जास्त, तळहात नुसता ओलसर झाला तर कमी. चौथ्या दिवशी लोखंडी सळई मधोमध खुपसून दोन मिनिटांनी काढायची, हाताला चांगली गरम लागली पाहिजे. गार निघाली तर पाणी नाहीतर शेण कमी आहे. मुंग्या दिसल्या म्हणजे कोरडं, आंबूस वास आला म्हणजे फार ओलं, तेव्हा कोरडा पाला मिसळून सैल करायचं. पंधरा दिवसांनी एकदा वर-खाली. कोरडा पिंप हा मे महिन्यात आगीचा धोकाही आहे. गेटजवळ, जिथे बिडी-सिगारेटची थोटकं पडतात, तिथे तो ठेवू नये. एप्रिलमध्ये भरलेला पिंप पावसाळ्याच्या मध्यात निघतो, तेव्हा उंची पाव ते तिसरा हिस्सा उरलेली असते. जूनमध्ये वर पत्र्याचा तुकडा टाकायचा, नाहीतर सत्त्व वाहून जातं.

जागाच नसेल तर पाला गोण्यांत भरून तो हवा असलेल्या बागायतदाराला द्यावा. पुण्यात २०१६ पासून ‘ब्राउन लीफ’ हा उपक्रम नेमकं हेच जुळवून देतो. मात्र पाला चोखंदळपणे झाडलेला हवा. गुटख्याच्या पुड्या आणि दुधाच्या पिशव्या मिसळलेली गोणी कोणी दुसऱ्यांदा घेत नाही.

माळीकाकांच्या कामाचा रोज पाऊण तास वाढतो, त्याचे पैसे वाढवून द्यावेत. ते न देता केलेली जाळबंदी पहाटे साडेपाचच्या धुरात बदलते, कारण तेव्हा कमिटी झोपलेली असते. आणि पहाटेचा धूर आणखी वाईट. रात्रभर थंड झालेली हवा जमिनीलगत थर करून बसलेली असते, धूर वर चढत नाही, पार्किंगमध्येच फिरतो. गच्चीवर कुरडया-पापड वाळत घातलेल्या सोसायटीत याचा पुरावा वेगळा गोळा करावा लागत नाही. पांढऱ्या कुरडईच्या वेढ्यांत अडकलेली पानाची काळी राख झटकून निघत नाही, बोट लावलं की पसरते.

झाडण्याबद्दलही दोन शब्द. आधी शिंपून मग झाडायचं. दहा बाय दहा फुटांना दोन-तीन लिटर पुरतात, सडा घालायला लागतं तेवढं नको. कोरड्या खराट्याने उडालेली धूळ तळमजल्याच्या घरात जाते आणि दुपारी पुन्हा अंगणात येते.

रंगकाम

ग्रिल पावसाआधी रंगवणं चूक नाही, न रंगवलेलं लोखंड जुलैत गंजतं. पण सगळं रंगवायची गरज क्वचितच असते. गंज आलेल्या जागा तारेच्या ब्रशने घासून तिथे तेवढा प्रायमर आणि रंग आत्ता द्यावा, पूर्ण हात दिवाळीच्या सुमाराला. वीस लिटरचं काम चार लिटरवर येतं, आणि बाराऐवजी अडीच किलो वाफ निघते.

आत्ताच पूर्ण करायचं तर पाण्यावरचं एनॅमल घ्यावं. विद्रावक किती आहे तो आकडा बहुतेक कंपन्या डब्यावर किंवा माहितीपत्रकात छापतात, दुकानदाराच्या तोंडी हमीपेक्षा तो वाचावा. पेंटर कुरकुरतात: “निघतो हो तो, टिकत नाही.” निघतो तो बहुधा तयारीत कसूर झाल्यामुळे. जुन्या चकचकीत ऑइल पेंटवर पॉलिश पेपर न मारता पाण्याचा रंग लावला की पहिल्या पावसात त्याचे पापुद्रे सुटतात. जुनी चमक पूर्ण मरेपर्यंत घासायचं, ओल्या फडक्याने पुसून वाळू द्यायचं. उघड्या पडलेल्या लोखंडावर थेट पाण्याचा रंग लावला तर तासाभरात तपकिरी ठिपके उमटतात, म्हणून तिथे आधी गंजरोधक प्रायमर. आणि दुपारी बाराला, हात टेकवत नाही अशा तापलेल्या ग्रिलवर काम करायचं नाही. रंग ब्रशखालीच सुकतो, ओरखडे राहतात. सकाळी सात ते दहा हीच वेळ.

ऑइल पेंटला पर्याय नसेल तर वेळ उलटी घ्यावी, संध्याकाळी पाचनंतर. वाफ तेवढीच निघते, पण तिचा बराच भाग ऊन नसताना निघतो आणि रात्रीच्या वाऱ्याने पसरतो. ब्रश धुण्यासाठी झाकणाच्या दोन बरण्या ठेवायच्या. वापरलेलं टर्पेंटाइन पहिलीत झाकून ठेवलं की दोन दिवसांत रंग तळाशी बसतो, वरचं स्वच्छ दुसरीत ओतून पुन्हा वापरायचं. पाच लिटरचं काम दोनमध्ये होतं. रात्री ब्रश धुवायचाच नाही, प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट गुंडाळून ठेवला की सकाळी तसाच चालतो. तळाचा गाळ मोरीत ओतू नये. जवसाच्या तेलाने किंवा तेलपॉलिशने भिजलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत, त्या आपोआप पेट घेऊ शकतात. पसरून वाळवून मग टाकाव्यात.

गाड्या आणि पेट्रोल

आजींच्या घरात २०१२ ची कार आहे, २०१४ ची स्कूटर आहे आणि २०२१ ची स्कूटर आहे. मुलगा हिंजवडीला जुनी स्कूटर नेतो, कारण ‘तिला कसलीही पर्वा नाही’. सून दोन किलोमीटरवरच्या शाळेत नवी नेते. अदलाबदल केली की बाकी काहीच न बदलता या घराचं दुचाकीचं उत्सर्जन निम्म्याहून बरंच खाली येतं. नव्या स्कूटरच्या, धूर स्वच्छ करणाऱ्या उत्प्रेरकालाही हे मानवतं. तो तापल्याशिवाय काम करत नाही, दोन किलोमीटरच्या फेरीत तो गरम होईस्तोवर शाळा आलेली असते. याच कारणाने भाजी, औषधं आणि बँक अशा तीन गार फेऱ्यांपेक्षा एक सलग फेरी बरी. सकाळी गाडी पार्किंगमध्ये पाच मिनिटं ‘गरम करत’ ठेवण्याची सवय पुण्याच्या एप्रिलमध्ये निव्वळ निरर्थक आहे.

पेट्रोल सूर्य मावळल्यावर भरावं. इथे प्रामाणिकपणे सांगायचं तर वाफेचं प्रमाण थोडंच घटतं. मिळतं ते वेळेचं अंतर: सकाळी नऊला निघालेली वाफ दुपारच्या ओझोनला पुरेपूर लागते, रात्री आठची बरीचशी पांगते. जे खरोखर घटवता येतं ते सांडणं. नोझल ‘टक्’ करून आपोआप बंद पडलं की थांबायचं. पंपावरचा मुलगा पाचशेचा आकडा पुरा करायला नोझल किंचित उचलून टिपटिप सोडत राहतो. मोबाइलवरून ४८७ रुपयेही देता येतात, मग राउंड फिगरचा आग्रह कशाला? काठोकाठ भरलेलं पेट्रोल उन्हात फुगतं, दहा लिटर पंधरा अंशांनी तापलं तर जवळपास १४० मिलिलिटर. त्याला जागा नसेल तर झाकणातून झिरपतं. कार आणि नव्या दुचाकीत ते वाफ शोषणाऱ्या कोळशाच्या डबीत, म्हणजे कॅनिस्टरमध्ये शिरतं. एकदा भिजला की तो कोळसा निकामी होतो. मग गाडी टाकी भरल्यावर सुरू व्हायला कुरकुरते आणि मेकॅनिक भलतंच काही बदलत बसतो.

जुन्या दुचाकीला कॅनिस्टर नसतो, टाकी झाकणाच्या बारीक भोकातून श्वास घेते. ती भर उन्हात उभी असेल तर दिवसभर वाफ सोडत राहते. सोसायटीतली सावलीची पार्किंगची जागा नव्या कारला देण्याऐवजी जुन्या दुचाकींना देणं शास्त्रशुद्ध ठरेल. सर्वसाधारण सभेत हा ठराव मांडणाऱ्याला शुभेच्छा. झाकणाखालचं रबर कडक झालं असेल, भेगा पडल्या असतील तर बदलावं. टाकीजवळ पेट्रोलचा वास येणं ही बिघाडाची खूण आहे, ‘जुनी आहे, येणारच’ म्हणून सोडून द्यायची गोष्ट नाही.

गुरुवारचा जनरेटर

बुधवारी रात्री वरच्या टाक्या भरून ठेवल्या की गुरुवारी पाण्याचा पंप जनरेटरवर चालवावा लागत नाही. पाच अश्वशक्तीचा पंप म्हणजे जवळपास पावणेचार किलोवॉट. तीन इमारतींत प्रत्येकी एक लिफ्ट चालू ठेवली, आवारातले दिवे दिवसा बंद केले, तर भार निम्म्यावर येतो. दर आठवड्याला सकाळी दहा मिनिटं नुसता चालवून पाहण्याची पद्धत मशिनलाही वाईट. भाराविना डिझेल अर्धवट जळतं, काळा तेलकट थर बसतो. महिन्यातून एकदा अर्धा तास, किमान तीसेक टक्के भारावर, संध्याकाळी सातनंतर चालवून पाहावा.

घराच्या आत

आजींना यातल्या कशाचीही वाट पाहायला नको. ओझोन बाहेरून येतो, त्यामुळे साडेअकरा ते पाच खिडक्या बंद आणि पडदे ओढलेले ठेवले तर खोलीतलं प्रमाण बाहेरच्यापेक्षा बरंच कमी राहतं. दुपारी घर मिटून घ्यायची आपली जुनी चाल इथे अचूक ठरते. पहाटे साडेपाच ते साडेआठ आणि रात्री आठनंतर समोरासमोरच्या खिडक्या उघडाव्यात. डेझर्ट कूलरचा मात्र पेच आहे: तो सतत बाहेरची हवा आत ओढतो. दमा असलेल्या माणसाच्या खोलीत दुपारी पंखा किंवा एसी आणि कूलर संध्याकाळनंतर, अशी वाटणी करावी.

दुपारी लिंबाच्या किंवा पाइनच्या वासाच्या फिनाइलने फरशी पुसू नये. त्यातली सुगंधी द्रव्यं आत आलेल्या ओझोनशी मिसळून फॉर्माल्डिहाइड आणि अतिसूक्ष्म कण तयार करतात. पुसायचं ते सकाळी, साध्या पाण्याने किंवा बिनवासाच्या साबणाने. डासांची कॉइल बंद खोलीत लावणं तर कुठल्याच ऋतूत नको, एका कॉइलमधून निघणारे सूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींच्या बरोबरीचे असल्याचं मोजलं गेलं आहे. खिडक्यांना जाळी, आजींना मच्छरदाणी.

एन-९५ मास्क कण अडवतो, ओझोन हा वायू आहे, तो आरपार जातो. हवा शुद्ध करणाऱ्या यंत्रातल्या हेपा फिल्टरचंही तसंच. ओझोनसाठी सक्रिय कोळशाचा थर लागतो. ‘ताजी हवा देणारं’ म्हणून विकलं जाणारं ओझोनायझर यंत्र तर स्वतःच ओझोन तयार करतं, ते आणून आजींच्या उशाशी ठेवलेलं असेल तर आधी ते बंद करा. फिरायला जायचं ते सूर्योदयाच्या आसपास. तेव्हा ओझोन सर्वांत कमी असतो, मात्र त्या वेळी आवारात पाला पेटलेला नसावा. इन्हेलरच्या मात्रेत आपल्या मनाने फेरफार नको. त्रासाची वेळ आणि त्या दिवशीचा ओझोनचा आकडा वहीत लिहून डॉक्टरांना दाखवला तर त्यांना निर्णय घेणं सोपं जातं.

एवढं केल्यावर ‘सफर’च्या आकड्यात फरक दिसेल का? नाही. एका सोसायटीने शहराचा ओझोन हलत नाही, शेजारच्या बांधकामाची धूळ आणि हायवेचा धूर वाऱ्यासोबत येतच राहतो. तपासायचं ते दुसरं: महिन्यात किती वेळा पाला पेटवला गेला, टर्पेंटाइनची किती लिटरची बिलं झाली, गुरुवारी जनरेटरला किती डिझेल लागलं, जुन्या दुचाकींच्या मीटरवर किती किलोमीटर चढले. हे चार आकडे खजिनदाराकडे आणि वॉचमनकडे आधीच असतात. सकाळच्या धुरातला फरक मात्र पहिल्याच आठवड्यात कळतो, तळमजल्याच्या खिडक्या सातला उघड्या दिसू लागतात. आजींच्या दुपारचं श्रेय आधी बंद खिडक्यांना द्यायचं, आणि ते मे संपेपर्यंत रोज पाळावं लागतं. वळवाची सर येऊन गेली की त्या संध्याकाळी खुशाल उघडाव्यात.